पॉलिशची चकाकी : निवडावी कशी, सुधारावी कशी?

फर्निचरच्या धंद्यात लाकूड, सुतारकाम आणि पॉलिश अशी तीन अंगे आहेत. लाकडाचा भाव घनफुटावर ठरतो, पॉलिशचा दर चौरस फुटावर ठरतो आणि सुताराची मजुरीही आधीच ठरलेली असते. परंतु पॉलिशची चकाकी किती असावी, हे मात्र बहुतेक ठिकाणी तोंडी आणि तेही एका शब्दात ठरते. "मॅट पाहिजे," असे ग्राहक म्हणतो. "होऊन जाईल," असे मिस्त्री म्हणतो. ग्राहकाच्या डोळ्यांसमोर कोणाच्या तरी घरी पाहिलेले टेबल असते आणि मिस्त्रीच्या डोळ्यांसमोर रंगाच्या दुकानात मिळणारा डबा असतो. काम पूर्ण होते, कपाट घरी पोहोचते आणि मग "हे तर चकचकते" किंवा "हे अगदीच निस्तेज दिसते" अशी तक्रार सुरू होते. अशा तंट्यात शेवटच्या हप्त्याची रक्कम अडकते आणि ती बहुधा सर्वांत शेवटी हात लावणाऱ्या माणसाची, म्हणजे पॉलिशवाल्याची असते.

हा तंटा टाळता येतो. झालाच, तर बहुतेक वेळा सारे पॉलिश न खरवडता तो मिटवताही येतो. त्यासाठी चकाकी कशाने येते आणि कशाने जाते, हे कारागीर व दुकानदार या दोघांनाही ठाऊक असले पाहिजे. या लेखात आम्ही केवळ पारदर्शक पॉलिशचा, म्हणजे ज्यातून लाकडाच्या रेषा दिसतात अशा फ्रेंच पॉलिश, एनसी लॅकर, मेलामाइन आणि पीयू यांचा विचार करणार आहोत.

चकाकी म्हणजे काय?

चकाकी हा पॉलिशच्या पदार्थाचा गुण नसून त्याच्या पृष्ठभागाचा गुण आहे. विहिरीचे पाणी शांत असले की त्यात तोंड दिसते. वाऱ्याने लहरी उठल्या की दिसत नाही. पाणी तेच असते, फक्त त्याचा पृष्ठभाग बदललेला असतो. पॉलिशचेही तसेच आहे. थर अगदी गुळगुळीत असला तर प्रकाश एकाच दिशेने परत फिरतो आणि ट्यूबलाइटचे प्रतिबिंब स्पष्ट दिसते. थरावर डोळ्यांना न दिसणारा बारीक खरबरीतपणा असला तर प्रकाश चहूकडे विखुरतो आणि चकाकी मंद होते.

हा खरबरीतपणा दोन मार्गांनी आणता येतो. पहिला मार्ग डब्यातला. मॅट किंवा साटिन म्हणून जो माल मिळतो, त्यात अतिशय बारीक सिलिका मिसळलेली असते. थर वाळताना आकसतो आणि त्या कणांमुळे पृष्ठभागावर सूक्ष्म उंचवटे तयार होतात. दुसरा मार्ग हाताचा. चकचकीत थर पूर्ण वाळल्यावर बारीक वॉटर पेपर किंवा स्टील वूलने घासून त्यावर एकसारखे बारीक ओरखडे पाडले जातात. पहिला मार्ग कमी श्रमाचा, तर दुसरा मेहनतीचा, पण अधिक हुकमी आहे.

एवढे समजले की पुढच्या तीन गोष्टी आपोआप समजतात. पहिली, ओला हात नेहमी चमकतोच. म्हणून चकाकीचा निर्णय थर पूर्ण वाळल्याशिवाय करू नये. दुसरी, सिलिका जड असल्याने डब्याच्या तळाशी बसते. डबा नीट न ढवळता वरचा माल ओतून घेतला तर पहिले कपाट चमकदार आणि शेवटचे अगदी मंद होते. तिसरी, विखुरलेला प्रकाश रंगावर पांढुरकी छटा आणतो. म्हणून शिसमासारखे गडद लाकूड मॅट पॉलिशखाली थोडे राखाडी व फिके दिसते आणि तेच ग्लॉसखाली खोल व काळसर दिसते. ग्राहक पुष्कळदा "रंग बदलला" म्हणून तक्रार करतो, तेव्हा खरोखर बदललेली असते ती चकाकी.

मोजमाप आणि नावे

चकाकी मोजण्यासाठी ग्लॉस मीटर नावाचे लहान यंत्र मिळते. ते ठरावीक कोनातून पृष्ठभागावर प्रकाश टाकते आणि तितक्याच कोनातून किती प्रकाश परत येतो ते मोजते. सर्वसाधारण कामासाठी ६० अंशांचा कोन वापरतात. १.५६७ अपवर्तनांक असलेल्या गुळगुळीत काळ्या काचेला १०० गुण धरले जातात आणि बाकी सर्व तिच्या तुलनेत मोजले जाते. ६० अंशांवर ७० हून अधिक गुण आले तर २० अंशांच्या आणि १० हून कमी आले तर ८५ अंशांच्या कोनातून पुन्हा मोजावे, असा संकेत आहे. आयएसओ २८१३ आणि एएसटीएम डी ५२३ ही यासंबंधीची आंतरराष्ट्रीय मानके आहेत. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. १०० गुण म्हणजे १०० टक्के प्रकाश परतणे नव्हे. ती काळी काच स्वतःच त्या कोनातून सुमारे दहावा हिस्सा प्रकाश परत पाठवते.

ढोबळ मानाने ६० अंशांवर १० पर्यंत गुण असले तर मॅट, २० ते ४० असले तर साटिन, ४० ते ७० असले तर सेमी-ग्लॉस आणि ७० च्या वर ग्लॉस असे समजायला हरकत नाही. परंतु डब्यावरची नावे सर्व कंपन्यांनी मिळून ठरवलेली नाहीत. एका कंपनीचे साटिन दुसऱ्या कंपनीच्या सेमी-ग्लॉसजवळ जाते. बाजारात "३० टक्के" असेही म्हणतात. त्याचा एक जण ३० गुण चकाकी असा अर्थ घेईल आणि दुसरा ग्लॉसमध्ये ३० टक्के मॅट मिसळणे असा घेईल. म्हणून नावावर किंवा टक्क्यावर सौदा करणे धोक्याचे आहे.

यंत्र नसले तरी काम अडत नाही. ट्यूबलाइटखाली पृष्ठभाग तिरका धरून पाहावा. ट्यूबच्या कडा स्पष्ट दिसल्या तर ग्लॉस, कडा पुसट पण ट्यूब ओळखू आली तर सेमी-ग्लॉस, केवळ उजेडाचा पट्टा दिसला तर साटिन आणि तोही न दिसला तर मॅट. मात्र कोणताही पृष्ठभाग जितका तिरका पाहावा तितका अधिक चमकतो. म्हणून टेबलाचा नमुना आडवा ठेवून आणि कपाटाचा नमुना उभा धरून पाहावा.

निवड कशी करावी?

निवडीच्या वेळी केवळ आवडनिवड विचारून भागत नाही. आम्ही पाच प्रश्न विचारण्याचा सल्ला देतो.

पहिला प्रश्न, लाकडाची तयारी किती झाली आहे? ग्लॉस पॉलिश सारे दोष उघडे पाडते. सांध्यातला उंचसखलपणा, रंध्याचे ठसे, पॉलिश पेपरचे आडवे ओरखडे आणि न भरलेली छिद्रे यांतले काहीच त्याखाली लपत नाही. सागवानाची छिद्रे उघडी असतात. ती भरून, सीलर मारून, सपाट घासून मगच त्यावर आरशासारखी चमक येते. म्हणजे ग्लॉस आणि साटिन यांत फरक केवळ डब्याचा नसून काही दिवसांच्या मेहनतीचा आहे. ज्याने दर साटिनचा लावला आणि काम ग्लॉसचे कबूल केले, त्याची रोजी बुडालीच म्हणून समजा.

दुसरा प्रश्न, वस्तू वापरात कशी येणार? मॅट पृष्ठभाग सतत हात लागून, घासून घासून गुळगुळीत होतो आणि तेवढ्याच जागी चमकू लागतो. खुर्चीचे हात, जेवणाच्या टेबलाची कड, कपाटाच्या मुठीभोवतीची जागा येथे हे लवकर दिसते. उलट ग्लॉसवर बारीक ओरखडे चटकन दिसतात. म्हणून रोजच्या वापराच्या टेबलाला साटिन हा मधला मार्ग बरा. शोभेच्या कपाटाला किंवा नक्षीच्या पलंगाच्या डोक्याकडील भागाला ग्लॉस शोभतो. अभ्यासाच्या किंवा कार्यालयाच्या टेबलाला मॅट किंवा मंद साटिन द्यावे, म्हणजे दिव्याची तिरीप डोळ्यांवर येत नाही.

तिसरा प्रश्न, जागेत उजेड कोठून येतो? मोठ्या खिडकीसमोर ठेवलेला ग्लॉस टेबलाचा वरचा भाग दिवसभर डोळ्यांना त्रास देतो आणि त्यावरचा प्रत्येक धुलिकण दिसतो. अंधाऱ्या खोलीत मात्र थोडी चमक हवीहवीशी वाटते. दुकानातील प्रखर दिव्यांखाली जे सुंदर दिसते, ते घरी तसेच दिसेल असे नाही.

चौथा प्रश्न, लाकडाचा किंवा स्टेनचा रंग किती गडद आहे? गडद रंगावर पूर्ण मॅट दिल्यास राखाडी छटा येते आणि तेलकट बोटांचे ठसेही अधिक उठून दिसतात. गडद लाकडावर शक्यतो साटिनच्या खाली जाऊ नये.

पाचवा प्रश्न, घरात आधीचे फर्निचर कसे आहे? नवे कपाट जुन्या कपाटाशेजारी उभे राहणार असेल तर नमुना त्या जुन्या कपाटाशी लावूनच पाहावा.

कोणते पॉलिश किती सुधारता येते?

चकाकी सुधारण्याचा मार्ग पॉलिशच्या जातीवर अवलंबून आहे. यात दोन घराणी आहेत.

पहिल्या घराण्यातील पॉलिश केवळ द्रावक उडून वाळतात. लाखेच्या चपडीपासून स्पिरिटमध्ये केलेले फ्रेंच पॉलिश आणि एनसी लॅकर ही त्याची उदाहरणे. लाख हे आपल्या देशाचे जुने उत्पन्न आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांवर लाखेचे किडे वाढवले जातात आणि या विषयावरील संशोधनासाठी रांचीजवळ नामकुम येथे १९२४ सालीच संस्था सुरू झाली होती. या घराण्याचा गुण असा की नवा हात खालच्या हाताला थोडा विरघळवून त्यात मिसळून जातो. त्यामुळे दुरुस्ती सोपी होते आणि थरांच्या सीमा दिसत नाहीत. मुंबईच्या चोरबाजारातील मटण स्ट्रीटसारख्या ठिकाणी जे जुने सागवानी व शिसवी सामान येते, त्यावर पुष्कळदा लाखेचेच पॉलिश असते. लाखेचे पॉलिश कापसाच्या कापडी पुरचुंडीने हातावर हात चढवत नेले की आपोआप मोठी चमक धरते. ते मंद हवे असेल तर शेवटी घासून मंद करावे लागते. मात्र उष्णता, स्पिरिट आणि साबणाचे तीव्र पाणी त्याला सोसत नाही.

दुसऱ्या घराण्यातील पॉलिश रासायनिक क्रियेने घट्ट होतात. हार्डनर मिसळून मारायचे मेलामाइन आणि दोन भागांचे पीयू ही त्यांची उदाहरणे. यांचा थर पाणी व उष्णता चांगली सोसतो. पण एकदा घट्ट झाला की नवा हात त्यात मिसळत नाही, केवळ त्यावर बसतो. म्हणून पुन्हा हात मारण्यापूर्वी ३२० ते ४०० नंबरच्या कागदाने घासून पकड निर्माण करावी लागते. घासताना वरचा थर एखाद्या ठिकाणी फुटून खालचा थर उघडा पडला, तर तेथे नकाशातल्या रेषेसारखी वेडीवाकडी कड दिसते. ती कितीही घासली तरी जात नाही. तो संपूर्ण भाग घासून त्यावर नवा पूर्ण हात देणे हाच उपाय आहे.

जुन्या वस्तूवर कोणते पॉलिश आहे हे ठाऊक नसेल तर आतल्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी चाचणी करावी. स्पिरिटचा थेंब ठेवून थोड्या वेळाने बोट लावावे. चिकट झाले तर लाख. स्पिरिटने फारसे काही झाले नाही, पण एनसी थिनरने मऊ पडले, तर बहुधा एनसी लॅकर. दोन्हींनी काही झाले नाही तर ते दुसऱ्या घराण्यातले समजावे. ही चाचणी न करता जुन्या सामानावर हात मारणे म्हणजे आपली मजुरी पणाला लावणे होय.

काम करतानाची खबरदारी

मॅट फर्निचर करायचे म्हणून सर्वच हात मॅट मालाचे मारणे योग्य नव्हे. प्रत्येक थरात सिलिका साचत जाते आणि लाकडाच्या रेषांवर धुके पसरल्यासारखे दिसते. खालचे हात सीलर व ग्लॉसचे द्यावेत आणि केवळ शेवटचा हात मॅट किंवा साटिनचा द्यावा. चकाकी शेवटचाच हात ठरवतो. याच कारणाने ती बदलायची असली तर बहुतेक वेळा शेवटच्या हातापुरतेच काम करावे लागते.

डबा तळापासून ढवळावा आणि काम चालू असतानाही अधूनमधून ढवळत राहावे. नुसता हलवून भागत नाही. मधली चकाकी हवी असेल तर एकाच कंपनीच्या एकाच जातीचे ग्लॉस व मॅट मिसळता येतात. परंतु निम्मेनिम मिसळले म्हणजे चकाकी बरोबर मध्यावर येईल असे नाही. ती बहुधा मॅटच्या बाजूला झुकते. म्हणून मिश्रण मापाने करावे, फळीवर मारून पाहावे, प्रमाण वहीत लिहावे आणि संपूर्ण कामाला पुरेल इतके मिश्रण एकाच भांड्यात करून ठेवावे. दोन भागांच्या मालात हार्डनर मात्र लागेल तितक्याच मालात आणि मापाने मिसळावा. डोळ्यांच्या अंदाजाने हार्डनर घालणाऱ्याला दोन कपाटांची चकाकी सारखी आणता येत नाही.

हात जाड पडला आणि सावकाश वाळला तर चकाकी वाढते. पातळ व कोरडा पडला तर कमी होते. म्हणून स्प्रे गनचे अंतर आणि वेग एकसारखा ठेवावा आणि प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवावा. गन फार लांब धरली तर थेंब हवेतच वाळतात आणि पृष्ठभागावर भुकटीसारखे बसतात. ते मॅटसारखे दिसते, पण हाताला खरखरीत लागते.

पावसाळ्यात मुंबई आणि कोकणात एक वेगळी अडचण येते. थिनर झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतील बाष्प त्यावर दवासारखे धरते. लाख व एनसी लॅकर त्यामुळे दुधासारखे पांढरे पडतात. अशा दिवसांत सकाळी लवकर किंवा पाऊस चालू असताना शेवटचा हात मारू नये. अगदीच निकड असेल तर सावकाश उडणारा रिटार्डर थिनर थोड्या प्रमाणात मिसळावा.

चकाकीची दुरुस्ती

आता प्रत्यक्ष तक्रारींकडे वळू. सागवानी जेवणाचे टेबल आहे, सहा फूट लांब व तीन फूट रुंद. ग्राहकाने साटिन सांगितले होते आणि झाले आहे ग्लॉस. येथे दोन मार्ग आहेत. पूर्ण पृष्ठभाग ४०० नंबरने हलका घासून, धूळ पुसून साटिनचा एक हात द्यावा. किंवा आहे तोच थर घासून मंद करावा. पाय व चौकटीसारख्या अवघड जागांना पहिला मार्ग सोपा पडतो. वरच्या सपाट भागाला दुसरा मार्ग शोभतो.

घासण्यापूर्वी थर पूर्ण घट्ट झाला पाहिजे. एनसी लॅकर व लाखेला काही दिवस द्यावेत; दोन भागांच्या मालासाठी डब्यावर दिलेली मुदत पाळावी. घाई केली तर ओरखडे एकसारखे पडत नाहीत आणि कागद चिकटतो. प्रथम सपाट लाकडी किंवा कॉर्कच्या ठोकळ्यावर ६०० नंबरचा वॉटर पेपर गुंडाळून, साबणाच्या पाण्यात भिजवून, लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासावे. पाणी थोडेच वापरावे आणि उघड्या कडांत मुरू देऊ नये. नंतर पृष्ठभाग पूर्ण कोरडा करून, मेण किंवा टर्पेंटाइन लावून चार शून्यांच्या स्टील वूलने शेवटचे घासणे करावे. आधी दोन्ही टोकांना लहान फेऱ्या माराव्यात, मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ लांब फेऱ्या माराव्यात. प्रत्येक पट्ट्याला फेऱ्या मोजून माराव्यात. कडेवरचा थर सर्वांत आधी फुटतो, म्हणून कडांना चिकटपट्टी लावून त्या शेवटी हलक्या हाताने घ्याव्यात. गोल फिरवून घासू नये. तिरक्या उजेडात ती वर्तुळे दिसतात. पाण्यावर आधारित पॉलिशवर आणि बाभळीसारख्या टॅनिन असलेल्या लाकडावर स्टील वूलऐवजी नायलॉनची बारीक पॅड वापरावी, कारण लोखंडाचे तुटलेले तंतू ओल लागताच गंजतात व काळे डाग पाडतात.

तक्रार उलटी असली, म्हणजे चमक हवी होती आणि काम मंद झाले, तर काय करावे? मॅट मालाच्या थरावर घासून किंवा मेण लावून खरा ग्लॉस आणता येत नाही, कारण सिलिका संपूर्ण थरात असते. मेणाने केवळ डाग-डाग चमक येते. हलके घासून ग्लॉसचा नवा हात देणे हाच योग्य उपाय. पण थर मुळात ग्लॉस मालाचा असून निस्तेज झाला असेल, तर ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरच्या वॉटर पेपरने क्रमाने घासून रबिंग कंपाउंड व मऊ लोकरी बफने चमक परत आणता येते. मधला एखादा नंबर गाळला तर त्याआधीचे ओरखडे शेवटपर्यंत दिसत राहतात. एनसी लॅकर पहिले काही आठवडे आकसत राहतो व छिद्रांत बसतो. म्हणून असे काम दिल्यानंतर लगेच नव्हे, तर थर स्थिरावल्यावर करावे.

पृष्ठभागावर काही ठिकाणी चमक आणि काही ठिकाणी मंदपणा असेल, तर आधी कारण शोधावे. छिद्रे न भरलेल्या जागी किंवा लाकडाच्या आडव्या कापलेल्या टोकाशी पॉलिश शोषले गेले असेल, तर तेथे मंद डाग दिसतात. तेथे सीलर व ग्लॉसचा हात देऊन भूक भागवावी आणि मग पूर्ण पृष्ठभागावर शेवटचा हात द्यावा. केवळ डागापुरता हात मारल्यास त्याची कड नवी तक्रार होऊन उभी राहते. टेबलाचा वरचा भाग, कपाटाचे दार, खुर्चीची पाठ असा एक संपूर्ण भाग धरूनच दुरुस्ती करावी.

पावसाने पांढरे पडलेले लाखेचे पॉलिश स्पिरिटने अगदी किंचित ओलसर केलेल्या कापडाचा हलका, न थांबता फिरवलेला हात दिल्याने बहुधा सुधारते. एनसी लॅकरवर रिटार्डर थिनरचा पातळ फवारा देतात. पांढरेपणा वरवरचा असला तर हलक्या घासण्यानेही जातो. दोन्ही बाबतीत हवा कोरडी असेल असा दिवस निवडावा.

वापराने चमकलेल्या मॅट जागा, जसे खुर्चीचे हात, आधी सौम्य साबणाच्या पाण्याने पुसून तेलकटपणा काढावा. मग तो पूर्ण भाग नायलॉन पॅडने रेषेच्या दिशेने घासावा. थर फार झिजला असेल तर नवा हात द्यावा. घरातील बाईमाणसांना किंवा नोकरांना आधीच सांगावे की मॅट फर्निचरवर चमक आणणारे मेण किंवा फवारे वापरू नयेत. सिलिकॉन असलेल्या फवाऱ्यामुळे पुढे नवा हात मारताना पॉलिश फाटून माशाच्या डोळ्यांसारखे खड्डे पडतात.

सौदा करताना

चकाकीचा सौदा शब्दांवर नव्हे, फळीवर करावा. ज्या लाकडाचे किंवा व्हिनियरचे काम आहे, त्याच्याच एक फूट लांब फळीवर संपूर्ण क्रम करावा; म्हणजे स्टेन, फिलर, सीलर, ग्लॉस आणि शेवटचा हात. फळीच्या मागे मालाची जात, मिश्रणाचे प्रमाण, हातांची संख्या आणि तारीख लिहावी. ग्राहकाने ती स्वतःच्या घरी, त्या जागी, दिवसा आणि रात्रीच्या दिव्यात पाहावी. पसंतीनंतर मागे दोघांनीही सही करावी. फळीचे दोन तुकडे करून एक ग्राहकाकडे आणि एक कारखान्यात ठेवावा. मजुरीच्या चिठ्ठीवर "चकाकी सोबतच्या नमुन्याप्रमाणे" एवढे लिहिले की पुरे. नंतर ग्राहकाचा विचार बदलला तर तो नवे काम सांगतो आहे, हे दोघांनाही मान्य होते आणि त्या कामाची वेगळी मजुरी मागताना संकोच वाटत नाही.

एक फळी आणि दोन-तीन दिवस एवढाच या पद्धतीचा खर्च आहे. उलट पुन्हा घासून नवा हात द्यायचा म्हटले तर माल, टेम्पो आणि कारागिराचे दिवस, सारेच दुप्पट होते. जे दुकानदार स्वतः पॉलिश करत नाहीत, तर ठेक्याने करून घेतात, त्यांनीही ही सही केलेली फळी पॉलिशवाल्याच्या हाती द्यावी. ग्राहकाशी आपण काय बोललो, ते कारागिराने ओळखावे अशी अपेक्षा ठेवून नंतर त्याच्या पैशांत कपात करणे न्यायाचे नाही.

जीव सांभाळून

चकाकीच्या नादात आरोग्याकडे दुर्लक्ष होऊ नये. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा छातीत गेल्यास दम्यासारखा विकार जडू शकतो. तोंडाला बांधलेला रुमाल येथे कामाचा नाही, रासायनिक वाफ अडवणारा मास्क लागतो. मेलामाइनच्या वाफेने डोळे चुरचुरतात, कारण त्यातून फॉर्मल्डिहाइड बाहेर पडते. म्हणून खेळती हवा हवी. एनसी लॅकर व थिनर चटकन पेट घेतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईत ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजाराला मोठी आग लागली होती. लाकूड, फोम आणि थिनर एकत्र असलेल्या गाळ्यात आग किती वेगाने पसरेल, हे वेगळे सांगायला नको. थिनरचे डबे बंद ठेवावेत आणि फवारणीच्या जागी विडी-सिगारेट व उघडी वायर असू नये. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेटू शकतात, म्हणून ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.

पॉलिशचे काम शिकणाऱ्या तरुणांना आमचे एवढेच सांगणे आहे की प्रत्येक कामाचा फळीवरचा नमुना जपून ठेवा. वर्ष-दोन वर्षांत अशा पन्नास फळ्या जमतील. ग्राहक "मॅट पाहिजे" म्हणाला की डब्याचे नाव सांगू नका. चार फळ्या त्याच्यासमोर मांडा आणि "यातले कोणते?" असे विचारा. त्याने बोट ठेवले की सौदा पक्का होतो आणि काम झाल्यावर मजुरी अडकत नाही.